निवृत्ती कंधारकर फोन लावतो

हैदराबादेत आबिड्सला मोठ्या पोस्टासमोरच्या गल्लीत अप्पारावांचं रेडिओ आणि पंख्यांचं दुकान होतं. त्या दुकानात सकाळी दहाच्या ठोक्याला एक माणूस चूळ भरून, तोंड पुसून, कोटाची तिन्ही बटणं लावून टेलिफोनसमोर उभा राहायचा. बसायचा नाही. खुर्ची होती, पण ती मालकाची होती हे एक, आणि दुसरं म्हणजे माणूस बसला की त्याचा आवाजही बसतो असं त्याचं ठाम मत होतं. फोनवर कोट कोणाला दिसतो, असं विचारणारे पुष्कळ भेटत. निवृत्ती म्हणायचा, दिसत नाही, पण ऐकू येतो. आता यावर कोण काय बोलणार!

मुळात तो तिथं चपराशी म्हणून लागला होता. काचा पुसायच्या, खोकी उचलायची, अप्पारावांना इराण्याकडून चहा आणायचा. एकदा अप्पारावांचा घसा बसला आणि एका वकिलाला पंख्याचं विचारायचं राहिलं होतं, म्हणून त्यांनी खुणेनंच रिसीव्हर निवृत्तीच्या हातात दिला. निवृत्तीनं पंख्याचं नावच काढलं नाही. त्यानं विचारलं, "वकीलसाब, दुपारकू आप कौनसे कमरे में लेटते जी?" वकिलानं सांगितलं, पश्चिमेच्या. निवृत्ती नुसतं म्हणाला, "अय्यो, पश्चिम!" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, आणि मग वकिलानं एकाऐवजी दोन पंखे मागवले. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशी म्हण आहे. निवृत्तीचं कसब त्याहून निराळं होतं. बोलता बोलता कुठं थांबायचं, ते त्याला कळायचं.

टेलिफोनचं पुस्तक तेव्हा पातळ होतं. हैदराबादेत ज्यांच्या घरी फोन, त्यांच्या घरी गालिचेही असत. निवृत्ती एकेक नाव घ्यायचा आणि लावण्याआधी त्या नावाकडे बघत बसायचा, म्हणजे उभा राहायचा. बेगम बाजारच्या मसाल्याच्या शेटजींना फोनवर ओरडायची सवय, म्हणून त्यांच्याशी हा मुद्दाम हळू बोले. मग तेही खाली उतरत. घरातल्या बाईनं फोन घेतला तर पहिला प्रश्न ठरलेला, "वेळ आहे का, की हात पिठात आहेत?" पिठात असले तर हा माफी मागून ठेवून द्यायचा आणि बरोबर तासाभरानं पुन्हा लावायचा. किंमत शेवटी. त्याच्या आधी रेडिओ सुरू करून रिसीव्हर त्याच्या जाळीपाशी धरायचा आणि म्हणायचा, "ऐका." सतार असो की बातम्या, तो मध्ये एक शब्द घालायचा नाही. "पाठवू का?" एवढं विचारलं की गप्प. पलीकडचा माणूस बोलेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

हे झालं कामाचं. पण खरा निवृत्ती भेटायचा तो दोन फोनांच्या मधल्या वेळात. तेव्हा तो डोळे मिटायचा. आपला आवाज खांबाखांबावरून मुसी नदी ओलांडून चाललाय, चिंचेच्या झाडांतून, मशिदीच्या भिंतीला घासून, कुणाच्या तरी घरात शिरतोय असं त्याला दिसायचं. अगदी दिसायचं. आवाज पायऱ्या चढायचा, ओटा ओलांडायचा, बैठकीत न थांबता थेट माजघरात जायचा आणि झोपाळ्यावर बसायचा. त्याला कोणी अडवायचं नाही. चपला कुठं काढल्यास, कोणाचा तू, असं कोणी विचारायचं नाही.

याचं एवढं अप्रूप का, ते सांगायला हवं. निवृत्ती कंधारजवळच्या, मन्याडकाठच्या शेलगावचा. त्याचा बाप श्रीपती गावचा महार. सांगावे पोचवणं हे त्याचं काम. कुणाच्या मरणाचा निरोप दहा कोस पायी न्यायचा आणि त्या घराच्या दाराबाहेर उभं राहून, "जोहार मायबाप" म्हणून, मोठ्यानं सांगायचा. निरोप आत जायचा, श्रीपती बाहेर राहायचा. उन्हात असला तर उन्हात. पुढं दुष्काळात बाप पोराला घेऊन हैदराबादेत आला, बेगम बाजारात हमाली करू लागला, आणि पोर शाळेत गेलं. शाळेच्या मास्तरांनी आडनाव विचारलं तेव्हा बापाला ते ठाऊक नव्हतं. मास्तरांनी गाव विचारलं आणि लिहून टाकलं, कंधारकर.

हे आडनाव मोठं गुणाचं निघालं. मराठी माणूस फोनवर दोन वाक्यं बोलला की तिसरं त्याचं ठरलेलं, "आपण कुठले?" म्हणजे कोणाचे, ते कळावं. निवृत्ती म्हणायचा, "मी कंधारकर." शिवाय भाषा शाळेत घासलेली. ऐकणारा आपल्या मनानं त्याला हवं ते करून घ्यायचा. कोणी देशपांडे समजे, कोणी मराठा. निवृत्ती खोटं कधी बोलला नाही. तो फक्त गप्प राहायचा, आणि त्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याची बायको सरुबाई मात्र त्याला ओळखून होती. ती म्हणायची, "फोनात जात दिसत नाही, म्हणून तुम्ही फोनातच राहायला गेलात. आम्ही इथं चादरघाटला राहतो हो, अधूनमधून येत जा!"

छप्पन्न सालचा उन्हाळा संपला आणि शहरात एकच बोलणं सुरू झालं. हैदराबादचं राज्य मोडणार, तीन तुकडे होणार. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे, आणि सरकारी माणसं आपापल्या तुकड्याबरोबर. कचेऱ्यांत फायलींचे गठ्ठे तीन रंगांच्या नाड्यांनी बांधले जात होते. निवृत्तीच्या पुस्तकातली नावं एकेक करून गळू लागली. फोन लावावा तर कोणी नवीनच माणूस उचले, किंवा रिकाम्या घरात घंटा वाजत राही. रिकाम्या घराची घंटा त्याला कळायची. ती जरा जास्त घुमते, तो म्हणायचा.

अप्पारावांनी एके दिवशी त्याला समोर उभं केलं. माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. "क्या जी निवृत्ती, तेरे मराठी लोगां तो सब जारें. नवाबां के फोन तो मैं बी करलेतौं. अब तू किसकू फोन करता?"

निवृत्ती म्हणाला, "मलकपेठ का एक घर है सेठ."

"वो देशमुख का? दो महीने से बाताँच कररा तू." अप्पारावांनी बोट वर केलं. "दिवाली तक रेडिओ उठा तो फोन तेरा. कागज पे सेल्समन लिखता मैं. नै उठा तो वापस गोदाम. हौ?"

"हौ," निवृत्ती म्हणाला.

मलकपेठचं घर म्हणजे नामदेवराव देशमुखांचं. महसूल खात्यातले अधिकारी. फोन मात्र घ्यायच्या त्यांच्या पत्नी, तारामतीबाई. पहिल्या दिवशी निवृत्तीनं हात पिठात आहेत का विचारलं आणि बाई हसल्या. "कोण बोलायलंय हो?" त्यांनी विचारलं, आणि त्या एका 'बोलायलंय'नं निवृत्तीच्या अंगावर काटा आला. ही बोली मन्याडकाठची. त्यानं कंधारकर सांगताच बाई म्हणाल्या, "अगबाई, माझं माहेर कंधारजवळचं! शेलगाव. तिथलंही देशमुखांचंच घर."

शेलगावात देशमुखांचं घर एकच. निवृत्ती सात वर्षांचा असताना बापाबरोबर त्या घराच्या दारात किती वेळा उभा राहिला होता. दाराच्या आत काय आहे ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी सांगायचं तर सांगता आलं असतं. तो गप्प राहिला, आणि बाई नदीचं बोलू लागल्या.

मग दर दोनचार दिवसांनी फोन. रेडिओचं निमित्त असायचंच. साहेब म्हणतात औरंगाबादला गेल्यावर घेऊ; तिथं घर मिळायला चार महिने तरी लागतील; तोवर मी इथं एकटी; घ्यावा की काय? असं चाललेलं. मध्येच बाई सांगायच्या, मन्याडला पूर आला की वाळूत कवड्या सापडायच्या. निवृत्तीलाही सापडल्या होत्या, पण खालच्या अंगाला. तो म्हणायचा, "होय, सापडायच्या." बाई त्याला भाऊ म्हणू लागल्या. त्यांना स्वतःचा भाऊ नव्हता.

या घरात तर निवृत्ती जवळजवळ राहायलाच गेला. त्यानं ते सगळं बांधून काढलं होतं. माजघर गार, फरशी शहाबादी, झोपाळ्याच्या कड्या पितळी, आणि झोपाळ्याला लागून कोनाड्यात टेलिफोन. बाई बसल्या आहेत, एक पाय जमिनीला टेकलेला. फोनमधून कधी सायकलची घंटा ऐकू यायची, कधी केळीवाल्याची आरोळी अगदी कानाजवळ. निवृत्तीनं त्यासाठी माजघराला एक मोठी खिडकी पाडली. रेडिओ कुठल्या कोपऱ्यात शोभेल तेही त्यानं ठरवून टाकलं होतं.

ऑक्टोबरात दसऱ्याला निवृत्ती आणि सरुबाई नागपूरला गेले. पांढरी वस्त्रं नेसून, लाखो माणसांत उभं राहून त्यांनी दीक्षा घेतली. निवृत्ती सांगायचा, एवढी माणसं एका सुरात बोलताना मी कधी ऐकली नव्हती, आणि त्यात माझा आवाज मलाच सापडेना, इतकं बरं वाटलं. परतताना गाडीत सरुबाई पंचशील घोकत होती. चौथ्यापाशी, खोटं बोलणार नाही म्हणताना, तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. निवृत्ती खिडकीबाहेर बघू लागला.

दिवाळीला पाच दिवस उरले होते. नामदेवराव औरंगाबादला हजर व्हायला निघून गेले होते. निवृत्तीनं चूळ भरली, बटणं लावली, फोन लावला. तारामतीबाई आपणहूनच म्हणाल्या, "भाऊ, घेते बरं का रेडिओ. साहेबांनी सांगितलंय जाताना, करमत नसेल तर घे म्हणून."

जिंकलं होतं. अप्पाराव समोरच बसले होते, त्यांना चेहऱ्यावरून कळलं. आणि तेवढ्यात बाई पुढं म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे. भाऊबीजेला तुम्ही स्वतः घेऊन यायचं. जेवायला. मी ओवाळीन तुम्हाला. चाळीस वर्षं या दिवशी माझं ताट रिकामं राहिलंय, यंदा माहेरचा माणूस आहे."

हो म्हणायचं आणि ऐनवेळी फिटर दत्तोबाला पाठवून आजारी पडायचं, हे निवृत्तीनं आधी दोनचार घरी केलेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्याला आता ते जमेना. घशातून आवाज निघाला तो त्याचा फोनवरचा आवाज नव्हता.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. मीसुद्धा शेलगावचाच. श्रीपतीचा मुलगा. तुमच्या दारात जोहार घालायचा, तो श्रीपती. आम्ही आता नागपूरला दीक्षा घेतली, त्यामुळं भाऊबीजही आमच्यात राहिली नाही. पण तुम्ही बोलावलंत, म्हणून खरं सांगितलं पाहिजे."

सवयीनं तो गप्प झाला. यावेळी मात्र ते गप्प राहणं त्याच्या हातातलं नव्हतं. पलीकडे केळीवाला ओरडत गेला, त्याची आरोळी गल्लीच्या टोकाला विरली, तरी बाई बोलेनात.

मग त्या म्हणाल्या, "रेडिओ पाडव्याला पाठवा. फिटरबरोबर. तुम्ही नका येऊ. शेजारी सगळे आपल्याकडचेच आहेत." आणि फोन ठेवला.

अप्पारावांनी इराण्याकडून बिस्किटं मागवली. रेडिओ उठला होता, फोन निवृत्तीचा झाला होता. त्यानं बिस्कीट खाल्लं नाही. संध्याकाळी घरी सरुबाईनं विचारलं, "ऑर्डर मिळाली ना? मग तोंड का उतरलंय?"

"बाई 'नका येऊ' म्हणाल्या."

सरुबाई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "एवढे दिवस तुम्ही तरी कुठं जात होता?"

या वाक्यावर निवृत्ती आठवडाभर जगला. त्याला बाईंचा राग आला, मग स्वतःचा आला, मग नुसतंच वाईट वाटत राहिलं. बाप निदान दारापर्यंत चालत जायचा. आपण तेही केलं नाही, हे त्याच्या मनातून जाईना.

पाडव्याच्या सकाळी दत्तोबा एरियलची तार गुंडाळत होता. निवृत्ती त्याला म्हणाला, "तू राहू दे. मी जातो."

दत्तोबा जुना माणूस, बिदरकडचा. बिडीला बिडी लावणारा मित्र. "येडा झालास का? बाईनं दारातून परत पाठवलं तर रेडिओ गेला, फोन गेला. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"परत पाठवलं तर येईन परत," निवृत्ती म्हणाला, आणि तार खिशात घातली.

रेडिओ मोठा होता, लाकडी पेटीचा, एकट्यानं उचलायचा नव्हे. रिक्षावाल्यानं फाटकापाशी उतरवून दिला आणि तो दुसऱ्या भाड्याला पळाला. निवृत्तीनं पेटी छातीशी धरली, कशीबशी तीन पायऱ्या चढवल्या आणि व्हरांड्यात टेकवली. मग कपाळ पुसता पुसता त्यानं भिंतीकडे पाहिलं.

तिथं टेलिफोन होता. व्हरांड्यात, दाराच्या बाहेर, एका उघड्या फळीवर. खाली चपलांची रांग, बाजूला छत्री आणि दुधाची रिकामी बरणी. समोर रस्ता. त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली, आणि ती घंटा त्याच्या ओळखीची होती.

माजघर नव्हतं, झोपाळा नव्हता. इतके महिने त्याचा आवाज इथं, चपलांजवळ येऊन थांबत होता. निवृत्तीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या जागेपासून तो एक पाऊलही पुढं सरकला नव्हता.

दार उघडलं. त्याच्या मनातल्या बाई उंच होत्या. या ठेंगण्या, कानांजवळ पिकलेल्या. त्यांनी आधी रेडिओकडे पाहिलं.

"नमस्कार बाई," निवृत्ती म्हणाला.

आवाज ओळखून त्यांचा हात पदराकडे गेला. "तुम्हाला नका येऊ म्हटलं होतं."

"होय. तुम्ही परत जा म्हणालात तर जातो. पण ते फोनवर नको. असं समोर म्हणा."

बाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. निवृत्तीची नजर पुन्हा फळीकडे गेली. "फोन इथं असतो होय?"

"साहेबांनी इथं बसवलाय. चपराशांना निरोप घ्यायला सोयीचं. घरात मला ऐकूही येत नाही घंटा. तुमची वेळ झाली की मी बाहेर येऊन उभी राहायचे."

"उभ्या?"

"इथं कुठं खुर्ची आहे?"

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर बाजूला झाली आणि एक बाई कठड्यावरून वाकल्या. पाडव्याचा दिवस, कोण पाहुणा आला ते बघायलाच हवं. "ताराबाई, कोण आलंय हो?"

तारामतीबाईंनी वर पाहिलं. निवृत्तीनंही पाहिलं, मग मान खाली घातली आणि पेटीच्या कडेला हात लावला, परत उचलायला सोपं जावं म्हणून. फोन गेला, त्यानं मनात म्हटलं. गोदामाची किल्ली कोणत्या खिळ्याला असते तेही त्याला आठवलं.

"आमच्या शेलगावचे आहेत," तारामतीबाईंनी मोठ्यानं सांगितलं. त्यांचा आवाज गच्चीपर्यंत पोचेल इतका चढा होता. "श्रीपती महाराचा मुलगा. निवृत्ती. माझ्या माहेरचा माणूस."

गच्चीवरची बाई आत गेली. तारामतीबाई पदर खोचून पुढं आल्या, वाकल्या आणि त्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली. लाकडाखाली त्यांची बोटं निवृत्तीच्या बोटांना लागली. त्यांनी ती काढून घेतली नाहीत.

"उचला," त्या म्हणाल्या. "आणि जपून या. उंबरा उंच आहे आमचा."